बारशाचं अस्वल

बाळाच्या अंगावर नऊ वस्तू होत्या. हातमोज्यांची आणि पायमोज्यांची जोडी एकेक धरून. लंगोट, झबलं, झबल्यावर बनियन, बनियनवर गळ्यापासून पावलांपर्यंत चेनने बंद होणारा जाड, लवदार निळा अंगरखा, लाळेरं, कानटोपी, मोज्यांच्या त्या दोन जोड्या आणि सगळ्यावरून गुंडाळलेलं दुपटं. कमरेचा काळा करगोटा आणि गालावरची तीट अपेक्षाने मोजली नाही. त्यांनी उकडत नाही.

दोन हजार सातचा एप्रिल होता. धायरीतल्या त्या इमारतीत अपेक्षाच्या घरच्यांचा फ्लॅट शेवटच्या मजल्यावर, म्हणजे डोक्यावर थेट तापलेली गच्ची. खडकवासल्याचं धरण तिथून काही फार लांब नाही, पण त्या पाण्यावरून वारा म्हणून इकडे कधी आला नाही. संध्याकाळचे साडेआठ झाले होते. बाळाची आई नम्रता जेवायला बसली होती, म्हणून कपडे उतरवण्याचं काम आत्याकडे, म्हणजे अपेक्षाकडे आलं होतं.

तिने एकेक वस्तू काढून बाजूला ठेवली. बनियन ओलं होतं. झबलं पिळलं असतं तर पाणी निघालं असतं. मग तिने बाळाची हनुवटी बोटाने हलकेच वर उचलली.

एकवीस दिवसांच्या बाळाला मान अशी नसते. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये फक्त घड्या असतात. या बाळाला तीन होत्या, आणि तिन्ही भरलेल्या होत्या. करडं, ओलसर, मळलेल्या कणकेसारखं काहीतरी घडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बसलं होतं. फडक्यात बांधून विसरलेल्या चक्क्यासारखा वास आला. तिने कोमट पाण्यात बुडवलेला कापूस घडीतून फिरवला, तेव्हा त्या लगद्याची एक सबंध वळी निघून आली. तिच्यात निळे तंतू होते, आणि मधोमध एक लाल मुंगी. मेलेली.

अपेक्षाच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

वास्तविक घाण हा तिच्या पोटापाण्याचा विषय होता. सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. होऊन ती वर्षभर एका लोणच्याच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करत होती. बुरशी धरलेल्या बरण्या उघडायच्या, वास घ्यायचा, नमुना काढायचा, काचेच्या थाळीत वाढलेले ठिपके मोजायचे. तिथे तिला कधी काही झालं नव्हतं. पण बरणीचा कुणी मुका घेत नाही. या बाळाचे मुके ती रोज घेत होती, वरून, कपाळावर, आणि खाली काय आहे ते तिने तीन आठवड्यांत एकदाही पाहिलं नव्हतं.

लगदा निघाल्यावर खालची कातडी दिसली. लालभडक, आणि त्यावर मोहरीपेक्षा बारीक दाण्यांची दाटी. मानेमागे, काखेत, पाठीवर, सगळीकडे.

तिने बारशाची जादा छापलेली एक पत्रिका घेतली, ब्लेडने तिच्यात अडीच सेंटिमीटर लांबीरुंदीची चौकोनी खिडकी कापली, ती बाळाच्या मानेमागे धरली आणि आतले दाणे मोजले. अठ्ठावन्न.

"काय मोजून राहिली व?" विमलाबाई दारात उभ्या होत्या. अपेक्षाची आई. वाशीमहून पुण्याला येऊन पंचवीस वर्षं झाली, तरी बोलणं तिकडचंच राहिलं होतं.

"घामोळं. आई, हे बघ याच्या मानेत काय होतं." तिने बशीतली ती वळी पुढे केली.

विमलाबाईंनी बशीकडे पाहिलं आणि नाकाला पदर लावला. "फेक ते. लेकराच्या अंगचं असं बशीत मांडून ठेवते का कोनी? उन्हायाचं घामोळं हाय. पावडर लाव."

"हे पावडरनेच झालंय."

"पावडरीनं घामोळं जाते, होत नाही. तुले लोणचं समजते, लेकरू नाही समजत."

या सगळ्याचं मूळ मात्र धायरीत नव्हतं. ते होतं मिनियापोलिसला.

बाळाचा बाप, अपेक्षाचा थोरला भाऊ संतोष, हिंजवडीच्या एका कंपनीतून फेब्रुवारीत तिकडे प्रोजेक्टवर गेला होता. सहा महिन्यांसाठी. बाळ त्याने पाहिलं ते पडद्यावरच. नम्रताला आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. बारसं बाराव्या दिवशी व्हायचं, पण ब्रॉडबँड जोडणारा माणूस बाराव्या दिवशी आला नाही, तेव्हा बारसंच पुढे गेलं. जोडणी झाल्यापासून रोज संध्याकाळी साडेसातला, म्हणजे त्याच्या सकाळी नऊला, संतोष ऑफिसला निघण्याआधी कॅमेऱ्यासमोर बसायचा. त्याच्या मागच्या खिडकीत बर्फ दिसायचं.

आणि त्याने एक खोकं पाठवलं होतं. चौदा कपडे. सगळे लवदार, जाड, चेनचे. तिकडच्या दुकानात बाळांचे कपडे म्हणून तेच होते.

त्यामुळे सातला बाळाला सजवायला सुरुवात व्हायची. आपण धाडलेलं लेकराच्या अंगावर पाहिलं की संतोषला बरं वाटतं, असं विमलाबाईंचं म्हणणं, आणि ते खरंच होतं. पण एकदा, तिसऱ्या का चौथ्या दिवशी, संतोष हसत म्हणाला होता, "जरा काळाच दिसतोय नाही? कॅमेरा असेल." तेव्हापासून नम्रता बाळाला आधी पावडर लावायची. चेहऱ्याला, मानेला, हातांना. घामाने ओघळली की वरून पुन्हा. रात्री कपडे उतरवणाऱ्याला झोप आलेली असायची आणि सकाळी मालीशवाली त्याच थरावर तेल चोळायची. आंघोळ व्हायची, पण घड्या कुणी उघडायचं नाही. मान मोडेल, ही भीती.

गुरुवारी सकाळी अपेक्षाने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि नम्रता, विमलाबाई, बाळ असे सगळे रिक्षाने शनिवार पेठेत डॉक्टर मंदाकिनी दामल्यांकडे गेले. बाई सत्तरीच्या, बालरोगतज्ज्ञ. दवाखाना दोन खोल्यांचा. भिंतीवर पाटी होती: 'बाळाचे वजन आम्ही करतो. आपण अंदाज सांगू नये.'

डॉक्टरकडे न्यायचं म्हणून बाळाला पुन्हा नऊ वस्तू चढवल्या होत्या.

दामलेबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हे बाळ आहे की पार्सल?"

त्यांनी तपासणीच्या टेबलाकडे बोट केलं.

"उघडा. मला आतला माल तपासायचाय."

नम्रताने कपडे उतरवले. बाईंनी बाळाला तळहातावर पालथं घेतलं, मान पाहिली, काखा पाहिल्या, थर्मामीटर लावला. मग हात धुतले, नीट पुसले आणि खुर्चीत बसल्या.

"याला घामोळं झालेलं नाही. याला कपडे झालेत."

"लेकराले वारा लागते ना, डॉक्टरीनबाई," विमलाबाई म्हणाल्या.

"वारा? एप्रिलमध्ये? कुठे मिळाला आपल्याला? आम्हालाही सांगा." त्यांनी कागद ओढला. "औषध फारसं नाही. एक सुती झबलं, एक लंगोट, बस. पंखा लावा, थेट झोत नको. कोमट पाण्याने आंघोळ, घड्या उघडून धुवायच्या, मऊ फडक्याने टिपायच्या, चोळायच्या नाहीत. पावडर बंद. तेल बंद. हळद, मुलतानी माती, चंदन, शेजारणीने सांगितलेलं आणखी काही, सगळं बंद."

"बंदच हाय का सगळं," विमलाबाई पुटपुटल्या.

"आईचं दूध चालू." मग त्यांचा आवाज खाली आला. "हे बघा. यातल्या तीन दाण्यांत पू दिसतोय मला. एवढ्या लहान जिवाला कातडीतून जंतू आत जायला वेळ लागत नाही. दाणे वाढले, ताप आला, अंग गरम लागलं किंवा पिणं कमी झालं, तर वाट बघायची नाही. आणायचं. मग भरती करावं लागेल आणि सुई लावावी लागेल. एवढ्याशा हाताला शीर सापडत नाही, मग डोक्याला लावतात. सोमवारी दाखवा."

नम्रताचा चेहरा उतरला. परतीच्या रिक्षात ती बाळाकडेच पाहत होती. स्वारगेट आलं तशा विमलाबाई म्हणाल्या, "सहा मिनटं पाह्यलं आन् इतकं बोलली. संतोषले यातलं काही सांगू नका. पोरगं तिथं बरफात एकटं हाय. घोर लावून घेईन."

त्या संध्याकाळी सातला निळा अंगरखा पुन्हा बाहेर आला.

"आई, डॉक्टरांनी काय सांगितलं?"

"धाच मिनटं, व. त्यानं विचारलं का काहून नाही घातलं, तर काय सांगू?"

"वहिनी, तू तरी बोल."

नम्रता पावडरच्या डब्याचं झाकण उघडत होती. तिने वर पाहिलं नाही. "दहाच मिनिटं, ताई. गळ्याला नाही लावत. नुसतं तोंडाला."

दहा मिनिटं चाळीस झाली. नेट दोनदा तुटलं. संतोषचं तोंड उघडंच राहून थिजलं, मग चौकोन चौकोन झालं, मग परत आलं. "मांडीवर नीट धरा ना. आता दिसतोय. टोपी जरा वर करा." नम्रता बाळाला दिव्याकडे वळवत होती. बाळ रडायचंही थांबलं होतं. पावडरीतून घामाचे ओघळ हनुवटीकडे निघाले होते, आणि ते कुठे जाऊन साठणार हे अपेक्षाला आता ठाऊक होतं.

तिने प्रयोगशाळेतून आणलेला थर्मामीटर खोलीत टांगला होता. तेहतीस. कॉल संपताच तिने तो नम्रताच्या मांडीवर, बाळ होतं तिथे धरला. पारा चढत गेला आणि अडतीसवर थांबला. तिने वर पाहिलं.

टेबलावरच्या दिव्यात शंभराचा बल्ब होता, हातभर अंतरावर, पत्र्याच्या टोपीखाली. बाळ अंधारात दिसतं अशी तक्रार पहिल्याच दिवशी आली होती. त्यावर साठाचा काढून शंभराचा लावणारी, टोपीचा कोन बरोबर साधून देणारी, आणि "आता बघ दादा, काय फरक पडला" असं अभिमानाने सांगणारी घरात एकच विज्ञानाची पदवीधर होती.

मुंगी बघून आली नव्हती इतकी किळस तिला आता आली. तिने दिवा बंद केला आणि पत्रिकेची ती खिडकी बाळाच्या मानेमागे धरली. एकाहत्तर.

शुक्रवारी नेटच नव्हतं. दिवसभर बाळ झबल्यात राहिलं, घड्या धुतल्या गेल्या, दाणे चौसष्टवर आले. शनिवारी नेट आलं, अंगरखा आला, दाणे अठ्ठ्याहत्तर झाले. अपेक्षाने हे आकडे पत्रिकेच्या मागे लिहून आईला दाखवले. विमलाबाईंनी पत्रिका उलटी करून छापलेली बाजू वर केली.

"उद्या बारसं हाय. ते झालं का तुह्या मनासारखं कर. एक दिवसानं काही होत नाही."

"नातू हाय का गुळाची ढेप," कोपऱ्यातून कोंडीराम म्हणाले. ते अपेक्षाचे वडील, घरात दिवसाला चार वाक्यं बोलत. "इतकं गुंडाळून ठेवाले."

"तुमी बसा पेपर वाचत."

कोंडीराम पेपर वाचत बसले.

रविवारच्या बारशासाठी संतोषने खास पोशाख पाठवला होता. अस्वलाचा. तपकिरी, बोटभर लांब केसांचा, टोपीला दोन गोल कान, मागे शेपटीचा गोंडा. संध्याकाळी सव्वासातला अस्वल पाळण्यात होतं. आत झबलं, बनियन आणि पावडर. इमारतीतल्या अकरा बायका, फुगे, वाफाळलेल्या घुगऱ्यांचं पातेलं, हाराचा झेंडू, आणि शंभराच्या बल्बचा दिवा, जो कुणीतरी पुन्हा पाळण्याकडे वळवला होता. खोलीत छत्तीस.

पडद्यावर संतोष कोट घालून बसला होता. शेजारी त्याचे दोन मित्र, हातात कॉफीचे पेले.

"कुनी गोविंद घ्या, कुनी गोपाळ घ्या," करत बायकांनी अस्वल पाळण्यावरून आणि पाळण्याखालून फिरवलं. मित्र हसले. "अरे, टेडी बेअर आहे यार." संतोषही हसला. अस्वलाच्या तोंडाच्या जागी एक पांढराफटक, मिटलेला चेहरा होता. तो रडत नव्हता. पांढऱ्यावरून दोन ओघळ खाली उतरत होते.

"चल व आत्या," विमलाबाई म्हणाल्या. "नाव सांग कानात."

आत्याने पाळण्यात वाकायचं, बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगायचं, आणि तेवढ्यात बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही रीत. अपेक्षा वाकली. पाठीवर पाच-सहा हात तयारीत टेकले. तिने अस्वलाचा कान बाजूला केला, टोपी मागे सारली आणि तोंड बाळाच्या कानाशी नेलं.

कान म्हणजे मानेपासून दोन बोटं. चक्क्याचा तो वास आला, आज गरम, आणि त्यात पावडरीचा गुलाब मिसळलेला. टोपीच्या शिवणीखाली तिला घडी दिसली. ती पुन्हा भरली होती. कडेला दाण्यांची पिवळी डोकी होती. तिने तोंडावर हात दाबला आणि ती सरळ उभी राहिली. पाठीवरचे हात घसरले.

"काय झालं?" विमलाबाईंनी विचारलं.

"मी नाव सांगणार नाही."

पातेल्यावरचं झाकण वाफेने खडखडत होतं, तेवढाच आवाज.

"अपेक्षा. लोकं हाये घरात," विमलाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "तू नाही तर तुह्या काकूची, सुंदराबाईची पोर हाय, तेही चुलत आत्याच लागते."

"तिला बोलव. तिलाही इथे तोंड लावावं लागेल. तिला जमतंय का बघू." मग ती पडद्याकडे वळली. "दादा, तुझ्याकडे बाहेर किती तापमान आहे?"

"मायनस दोन," संतोष म्हणाला. "का गं? नाव ठेव ना."

"इथे छत्तीस आहे. दिव्याखाली किती आहे ते मी मोजलंसुद्धा नाही."

तिने अस्वल उचललं, टेबलावर पालथं ठेवलं, चेन ओढली. पाठ दिसली. मग बाळाला उताणं करून तिने हनुवटी वर केली आणि कॅमेऱ्याची मान वाकवून ती घडीच्या समोर आणली. ओला कापूस फिरवला. वळी निघाली. ती तिने कॅमेऱ्यापुढे धरली, लेन्समध्ये दुसरं काही दिसू नये इतकी जवळ.

पुढे उभ्या असलेल्या शेजारणीने पेढ्याचं ताट दुसऱ्या हातात घेतलं आणि ती दोन पावलं मागे सरकली. कुणीतरी "शी" म्हणालं.

पडद्यावरच्या मित्रांपैकी एकाने कॉफीचा पेला खाली ठेवला.

"हे काय आहे?" संतोषने विचारलं.

"पावडर. तू म्हणालास काळा दिसतो, म्हणून लावलेली. दूध, घाम आणि तू पाठवलेल्या कपड्यांचे केस. आतल्या दाण्यांत पू आहे. गुरुवारी तीन होते, आज मला सात दिसतायत. वाढले तर सुई डोक्याला लावतात."

"मला कुणी सांगितलंच नाही."

"तुले घोर लागन म्हून..." विमलाबाईंचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. त्या बाळाच्या मानेकडे पाहत होत्या. गेले चार दिवस त्यांनी तिकडे पाहायचं टाळलं होतं. आता दिव्याच्या लख्ख उजेडात टाळता येत नव्हतं.

"मी साइझ बघून घेतलं होतं," संतोष म्हणाला. "झिरो टू थ्री मंथ्स लिहिलं होतं." नेट तुटलं आहे की तो तसाच बसला आहे, ते क्षणभर कळेना. मग त्याने गळ्यातला टाय सैल केला, तेव्हा कळलं.

नम्रता पुढे आली. तिने बाळाचे हात अस्वलाच्या बाह्यांतून बाहेर काढले, मग पाय. बनियन काढलं. पदराचं टोक पाण्यात बुडवून त्याचं तोंड पुसलं. पहिल्यांदा पदर पांढरा झाला. दुसऱ्यांदा खालचा रंग दिसला, गव्हाळ, तिचाच. "असाच आहे तो," ती पडद्याकडे न पाहता म्हणाली. "असाच बघा."

विमलाबाई दिव्याशी गेल्या. बटणावर बोट ठेवून थांबल्या. "अंधारात दिसन का रे तुले?"

"दिसेल," संतोष म्हणाला.

त्यांनी बटण दाबलं. पडद्याच्या कोपऱ्यात बाळाच्या जागी एक करडा डाग उरला. संतोष त्या डागाकडे पाहत राहिला.

सगळ्या घड्या धुऊन टिपून होईपर्यंत बायका थांबल्या. मग अपेक्षा पुन्हा वाकली. वास पुरता गेला नव्हता. तिने श्वास रोखला, तोंड कानाला लावलं, कुर्र केलं आणि नाव सांगितलं. तेजस. पाठीत धपाटे पडले. त्यातला एक आईचा होता. तो रीतीपेक्षा बराच जोरात होता.

पावडरचा डबा कोंडीरामांनी कॅरम बोर्डावर टाकायला म्हणून कपाटात ठेवला. सोमवारी दामलेबाईंनी पूवाल्या दाण्यांना एक मलम दिलं, बाळाच्या अंगावरचं एकमेव झबलं पाहिलं आणि म्हणाल्या, "आता ओळखू आला." अस्वलाचा पोशाख विमलाबाईंनी धुवायला भिजवला. पहिल्या पाण्यावर पावडरीची साय धरली, दुसऱ्यावरही धरली. तिसऱ्या पाण्यात त्यांनी हात घातला नाही. बादली तशीच गच्चीत नेऊन ठेवली. संतोषचा कॉल रोज येत राहिला, बल्बशिवाय.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता अपेक्षाने पत्रिकेची खिडकी बाळाच्या मानेमागे धरली. खोलीत बत्तीस अंश होतं. बाळाच्या अंगावर दोन वस्तू होत्या. खिडकीत नऊ दाणे होते. पू असलेला एकही नव्हता.